सुरतेत बिऱ्हाड कोठे करावे?

सुरतेस बदली झाली किंवा तेथे नवी नोकरी लागली, की पहिला प्रश्न भाड्याचा पडतो आणि दुसरा शाळेचा. घर कोणत्या वस्तीत घ्यावे हा प्रश्न त्यानंतर येतो आणि बहुधा दलालाच्या मोटारसायकलवर मागे बसून अर्ध्या दिवसात तो निकालात काढला जातो. ज्यांच्या घरी दोन ते दहा वर्षांची मुले आहेत त्यांनी तरी हा क्रम उलटा करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. भाडे कमीजास्त करून घेता येते, शाळाही बदलता येते. परंतु ज्या गल्लीत मूल पहिल्यांदा एकटे वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन येते, ज्या ओट्यावर ते परक्या माणसाशी पहिले चार शब्द बोलते, ती गल्ली आणि तो ओटा मागाहून बदलून मिळत नाही.

वस्ती मोजण्याचे माप कोणते? दलाल चौरस फूट सांगतो, आप्त पत्ता किती प्रतिष्ठित आहे ते पाहतात. आम्ही एकच माप सुचवतो : पाच वर्षांच्या मुलाचे पाय. ते पाय दहा मिनिटांत जेथवर पोचतात तेवढेच त्या मुलाचे शहर. त्या टप्प्यात बालवाडी आहे काय, मातीची थोडी मोकळी जागा आहे काय, आजीच्या वयाचे कोणी ओळखीचे आहे काय, आणि तेथवर जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो काय, एवढे पाहावे. हा विचार आमच्या पदरचा नाही. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याजवळ बालशिक्षणाचे काम शिकण्यास गेल्या आणि १९४५ पासून बोर्डीस त्यांनी जे प्रयोग आरंभले, त्यांतून अंगणवाडीची कल्पना रुजली. मूल शाळेपर्यंत पोचत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात यावे, हे त्या कामाचे सूत्र होते. एक मराठी बाई गुजरातेतून हे शिकून आली, याचा गुजरातेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना विशेष अभिमान असावयास हरकत नाही.

आता हे माप सुरतेस लावून पाहू. सुरत हे मुख्यतः कमावत्या पुरुषांचे शहर आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४४ लाखांवर गेली होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या साडेसातशेच्या आसपासच होती. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले हजारो तरुण यंत्रमागांवर आणि डाइंग-प्रिंटिंगच्या कारखान्यांत राबतात, खानावळीत जेवतात आणि पाळीपाळीने एकाच खोलीत झोपतात. अशा शहरात कुटुंबाची वस्ती शोधावी लागते. खानदेशी माणूस मात्र बहुतांशी बायकामुलांसह आला, कारण त्याचे गाव जवळ होते आणि गाडी घराच्या दारात होती. १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत धावू लागली, आणि त्या रुळांवरून धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कुटुंबांची रीघ पुढे कित्येक दशके लागून राहिली. लिंबायत, उधना, नवागाम, डिंडोली, पांडेसरा या वस्त्या त्यांनीच भरल्या.

मराठी माणसाचा सुरतेशी संबंध म्हटला की आपल्याला १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. शेजारच्या गुजराती घरात तीच हकीकत निराळ्या सुरात सांगितली जाते. सुरतेत वाढणारे मूल दोन्ही ऐकते आणि त्यात त्याचे काही नुकसान होते असे आम्हाला दिसलेले नाही. पण संबंध तेवढाच नव्हे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहता प्रभृतींबरोबर तेथील मानवधर्म सभेच्या स्थापनेत त्यांचा हात होता. म्हणजे सुरतेत बिऱ्हाड करणारा मराठी गृहस्थ कोणी नवखा पाहुणा नव्हे.

शहराची ठेवण थोडक्यात अशी. तापीच्या डाव्या तीरावर जुने शहर : गोपीपुरा, सगरामपुरा, रुस्तमपुरा, महिधरपुरा अशा पुऱ्यांचे. दक्षिणेस आणि आग्नेयेस उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा हा कष्टकऱ्यांचा पट्टा. उत्तरेस आणि ईशान्येस कतारगाम आणि वराछा, जेथे हिऱ्यांचा धंदा आणि सौराष्ट्राची मंडळी. नैर्ऋत्येस अठवा, पिपलोद, वेसू, समुद्राच्या दिशेने पसरत गेलेला नवा सधन भाग. आणि पुलापलीकडे, उजव्या तीरावर, रांदेर, अडाजण, पाल. हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत किंवा बँकांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे बहुधा अडाजण-पालकडे वळतात. यंत्रमाग, कापडबाजार, रिक्षा, दुकानदारी यांवर पोट असलेली लिंबायत-उधन्याकडे. या दोन मराठी सुरती एकमेकींकडे फारशा जात-येत नाहीत. त्या गोष्टीकडे आम्ही पुढे वळणारच आहोत.

पण त्याआधी पाणी. सुरतेत घर पाहताना पाण्याचा विचार ज्याने केला नाही त्याने काहीच केले नाही. उगमस्थान मुलताईपासून खानदेश ओलांडून येणारी तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. वर भुसावळजवळ हतनूर धरण, खाली सुरतेपासून शंभरेक किलोमीटरवर १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण. हतनूरचे दरवाजे उघडले की त्याची बातमी जळगावात जितकी वाचली जाते तितकीच सुरतेत. उकाईची पूर्ण पातळी ३४५ फूट, हा आकडा सुरतेच्या शाळकरी पोरासही पाठ असतो. धरण भरत आले, वरून लोंढा येतच राहिला आणि त्याच दिवसांत अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आली, तर नदीचे पाणी समुद्र घेत नाही आणि ते शहरात शिरते. ऑगस्ट २००६ मध्ये असेच झाले. होप पुलाजवळ धोक्याची पातळी साडेनऊ मीटर धरतात. त्या वेळी पाणी बारा मीटरच्या वर गेले. शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. अडाजण-रांदेरकडे तळमजले बुडाले, माणसे गच्च्यांवर बसून राहिली आणि खाण्याची पाकिटे हेलिकॉप्टरमधून टाकावी लागली.

ही झाली नदी. खाडीचा पूर हा निराळा प्रकार, आणि नवख्या माणसास तो कोणी सांगत नाही. शहराच्या पूर्व-दक्षिण भागांतून मिठी खाडीसारखे जे ओहोळ वाहतात ते मुसळधार पावसात धरणाशी काही संबंध नसतानाही भरून वाहतात. (मुंबईच्या मिठी नदीशी नाव जुळते, आणि पावसाळ्यात गुणही.) लिंबायत आणि पर्वत पाटिया या बाजूंना हे पाणी कित्येक पावसाळ्यांत घरांत शिरले आहे. तेव्हा ‘आमच्याकडे २००६ मध्ये पाणी आले नव्हते’ एवढ्या एका उत्तरावर विश्वासू नये. दोन प्रश्न वेगळे विचारावेत : नदीचे पाणी कोठवर आले होते, आणि खाडीचे कोठवर येते. दलालास विचारू नये. दूधवाल्यास, कोपऱ्यावरच्या पीठगिरणीवाल्यास विचारावे. पीठगिरणीवाल्याची मोटर जमिनीपासून किती उंच चौथऱ्यावर बसवली आहे हे नुसते पाहिले तरी पुष्कळ समजते.

येथे एक पेच आहे. मुलाच्या दृष्टीने सर्वांत चांगले घर म्हणजे तळमजल्याचे : दार उघडले की ओटा, ओट्याखाली गल्ली, गल्लीत सवंगडी. पुराच्या दृष्टीने तेच घर सर्वांत वाईट. आठव्या मजल्यावरची सदनिका कोरडी राहते, पण चार वर्षांच्या मुलास खाली नेण्यासाठी मोठे माणूस लागते, आणि मोठे माणूस मोकळे नसले की मूल टीव्हीसमोर बसते. आमचा कौल दुमजली रो-हाउसकडे आहे, वाण-सामान, कागदपत्रे आणि गाद्या वर ठेवण्याची सोय असेल तर. डिंडोली-उधन्याकडे अशी अरुंद, दुमजली घरे ओळीने उभी आहेत आणि त्यांच्या पुढच्या गल्ल्या सायंकाळी मुलांनी फुललेल्या असतात. ज्यांना उंच इमारतीतच राहावयाचे आहे त्यांनी पहिला-दुसरा मजला मागावा. मूल जिन्याने स्वतः उतरेल इतकी उंची पुरे.

स्वच्छतेविषयी बाहेरगावच्या लोकांच्या मनात अजून जुने चित्र आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग उद्भवला, माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली, आणि नातेवाइकांनी सुरतेचे नाव टाकले. त्यानंतर १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी शहराच्या विभागांना अधिकार वाटून दिले, अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरी सोडून रस्त्यावर उभे केले, आणि दीड-दोन वर्षांत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या जोडीने पहिला क्रमांक मिळवला. रस्ते झाडलेले असतात हे खरे. हवेचे मात्र वेगळे. पांडेसरा आणि सचिनच्या बाजूस प्रोसेस हाउसांची धुरांडी आहेत. लिंबायत, उधना, कतारगाम येथे राहत्या घरांना लागूनच मागांची ‘खाती’ आहेत आणि त्यांची खडखड रात्रपाळीतही थांबत नाही. घर पाहावयास गेल्यावर शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांकडे नजर टाकावी. त्यांवर काजळीचे ठिपके असतील तर तीच काजळी मुलाच्या छातीत जाणार. आणि एकदा रात्री अकरानंतर त्या गल्लीत जाऊन उभे राहावे. तान्ह्या मुलाच्या आईस झोप मिळेल की नाही याचा निर्णय तेथे पाच मिनिटांत होतो.

आता भाषा. परप्रांतातल्या मराठी आईबापांच्या मनात हा प्रश्न सर्वांत खोल असतो, आणि सर्वांत कमी बोलला जातो. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालत आल्या आहेत. देशात फार थोड्या शहरांनी परभाषी कष्टकऱ्यांच्या मुलांची एवढी दखल घेतली असेल, आणि त्याबद्दल सुरतेचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मराठी माध्यमाच्या शाळा अर्थातच लिंबायत-उधन्याच्या बाजूस. तेथे मूल घातले तर आठवीनंतर मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा किती अंतरावर आहे आणि तीत जागा मिळते का, हे पहिलीतच विचारून ठेवावे. तेराव्या वर्षी माध्यम बदलण्याची पाळी आली तर मुलाची दोन वर्षे जातात.

पांढरपेशी कुटुंबे मात्र मूल इंग्रजी शाळेतच घालणार, हे आम्ही गृहीत धरतो. त्यास आमचा विरोध नाही. हळहळ एवढीच की ‘मग मराठी राहिली’ असे म्हणून ती लगेच हात झटकतात. वस्तुस्थिती इतकी निराशेची नाही. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती शिकणे सक्तीचे झाले आहे. गुजराती लिपीवर शिरोरेघ नाही एवढे सोडले तर तिची अक्षरे देवनागरीचीच भावंडे, आणि ‘ळ’ तिलाही आहे. पुढे शाळेत हिंदी येते आणि देवनागरी आपसूक हाती पडते. म्हणजे वाचावयास शिकवण्याचे निम्मे काम गुजरातचे सरकारच आपल्यासाठी करून ठेवते. उरते ते घरात पुस्तके आणणे, आणि मराठी कानावर पडण्याजोगी माणसे. आईबाप बोलतात ती भाषा मुलास आज्ञेची भाषा वाटते : जेव, झोप, अभ्यास कर. भांडणाची, खेळाची, थापा मारण्याची भाषा सवंगड्यांकडूनच येते. अडाजण किंवा वेसूच्या इमारतीत ते सवंगडी गुजराती बोलतील, आणि ‘स’चा ‘ह’ करणारी अस्सल सुरती बोलतील. मूल ती चार महिन्यांत उचलते. तिच्याविषयी कुरकूर करू नये. शेजाऱ्याची भाषा अस्खलित येणे ही परमुलखात वाढणाऱ्या मुलाची मोठी शिदोरी आहे. मराठी सवंगड्यांची सोय मात्र वेगळी करावी लागते, आणि ती लिंबायत-उधन्याखेरीज फारशी कोठे होत नाही.

येथेच आमच्या पांढरपेशा वाचकांशी आमचे भांडण आहे. लिंबायतचे नाव काढले की पुष्कळ सुशिक्षित मराठी घरांत नाक मुरडले जाते. तेथली मराठी शुद्ध नाही म्हणतात. तेथे बोलतात ती अहिराणी आहे. ती अशुद्ध मराठी नव्हे, स्वतःच्या गाण्यांची आणि म्हणींची बोली आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तेथे घरोघर कानबाई बसते, रोट होतात, दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने विसर्जन होते. पुण्या-मुंबईकडून आलेल्या आईबापांनी हा सण पाहिलेलाही नसतो. ज्या मुलाने तो पाहिला त्याला मराठी म्हणजे केवळ गणपतीची आरती आणि पुरणपोळी नव्हे हे कळते. आम्ही कोणासही लिंबायतच्या अरुंद गल्लीत जाऊन राहा असे म्हणत नाही. तेथली गर्दी, खाडीचे पाणी, खेळावयास जागेची टंचाई या खऱ्या अडचणी आहेत, आणि तेथल्या आयाबायांना त्या आमच्याहून जास्त ठाऊक आहेत. म्हणणे एवढेच की घर असे घ्यावे जेथून त्या वस्तीत महिन्यातून दोनदा, मूल घेऊन, सहज जाता येईल. भटार, उधन्याचा शांत भाग, डिंडोलीतल्या नव्या सोसायट्या या दृष्टीने मधल्या आहेत. अडाजणहून पूल ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकास जाणे रविवारी ठरते आणि रविवारीच रद्द होते.

उधना स्टेशन जवळ असण्याचा आणखी एक लाभ पांढरपेशांच्या हिशेबात येत नाही. ज्यांचे मूळ गाव खानदेशात आहे त्यांना सकाळची गाडी धरून दुपारच्या जेवणास नंदुरबारला पोचता येते. आजी-आजोबांना कोणी सोडावयास-आणावयास लागत नाही. मूल तापाने फणफणले आणि दोघांनाही कामावर जाणे भाग असले तर दुपारपर्यंत आजी येऊन पोचते, ही गोष्ट व्यायामशाळा आणि पोहण्याच्या तलावाहून मोठी आहे.

मोकळ्या जागेविषयी एक युक्ती सांगून ठेवतो. गुजरातेत १९७६ च्या नगररचना कायद्याखाली टी.पी. योजना होतात आणि तीत बाग, शाळा, क्रीडांगण यांसाठी भूखंड राखलेले असतात. नव्या भागात घर घेताना बिल्डरच्या रंगीत चित्रातले कारंजे पाहू नये; महानगरपालिकेच्या विभागीय कचेरीत जाऊन त्या टी.पी.चा नकाशा पाहावा. राखीव भूखंड घरापासून किती पावलांवर आहे, आणि तो आज मोकळा आहे की त्यावर मंडप-गोदाम उभे आहे, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे. विकत घेणाऱ्यांनी ‘रेरा’ची नोंदणी आणि महापालिकेची बी.यू. परवानगी तर पाहावीच. शिवाय ती पेठ १९९१ च्या अशांत धाऱ्याखाली येते का तेही विचारावे, कारण तेथे खरेदीविक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. भाड्याने राहणाऱ्यांस दुसरीच अडचण येते. मासे-मटण खाणाऱ्या कुटुंबास घर देत नाहीत अशा सोसायट्या सुरतेत पुष्कळ आहेत. ते पहिल्या भेटीतच उघड बोलावे. लपवून राहिल्यास मुलास शेजारी खोटे बोलावयास शिकवावे लागते.

मुले थोडी मोठी झाली की शिकवणीच्या वर्गांचा विषय येतो. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातील तक्षशिला या इमारतीस आग लागली आणि वरच्या मजल्यावर वर्गाला आलेले २२ विद्यार्थी प्राणास मुकले. सुरतेतल्या कोणत्याही आईने तो दिवस विसरू नये. घराजवळ वर्ग आहे एवढ्यावर समाधान न मानता स्वतः जिना चढून जावे, दुसरा जिना आहे का, गच्चीचे दार कुलपात असते का, खिडक्या जाहिरातीच्या फलकाने झाकल्या आहेत का हे पाहावे. मालकास राग आला तर येऊ द्यावा.

कामावर जाण्याचा प्रश्न आम्ही मुद्दाम शेवटास ठेवला. हजिऱ्यास नोकरी आणि डिंडोलीस घर हे जमणारे नाही; बाप सकाळी मूल उठण्याआधी जाईल आणि रात्री ते झोपल्यावर येईल. अशा कुटुंबाने अडाजण-पालकडेच राहावे, नदीचा धोका ओळखून वरच्या मजल्यावर, आणि मराठीसाठी त्याच इमारतीत किंवा शेजारच्या दोन इमारतींत आणखी एखाददुसरे मराठी घर आहे का ते शोधावे. दोन घरे पुरतात. चार मुले एकत्र आली की गोष्टींचा तास आपोआप भरतो. उधना दरवाज्यापासून सचिनपर्यंत मात्र २०१४ पासून बी.आर.टी.एस.ची बस धावते, त्यामुळे त्या रस्त्याच्या जवळ राहणाऱ्या आईबापांस घर आणि काम यांचा मेळ घालणे पुष्कळ सोपे झाले.

शेवटी मुदतीचे. सुरतेत प्रथमच येणाऱ्या कुटुंबाने, हाती पैसा असला तरी, पहिले वर्ष भाड्यानेच राहावे. भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा होतो. तो मेच्या अखेरीस करावा. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामागोमाग पाऊस लागतो, ऑगस्टात उकाईची पातळी वर्तमानपत्रात रोज छापून येऊ लागते, श्रावणात कानबाई, भाद्रपदात गणपती, आणि थंडीत मागांच्या पट्ट्यातली हवा कशी जड होते तेही कळते. मार्च उजाडेपर्यंत त्या वस्तीबद्दल पाहण्यासारखे जे काही आहे ते एकदा डोळ्यांखालून गेलेले असते, आणि नवा करार करावयाचा की सामान बांधावयाचे हे ठरवण्यास पुढच्या शाळाप्रवेशापूर्वी दोन महिने हाताशी उरतात.